अर्ध्यावर सोडलेलं शेत

गोमतीबाईच्या गुडघ्याने त्या वर्षी ऐन सोंगणीच्या तोंडावर दगा दिला. किन्हीराजाच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी जो तांडा आहे, तिथल्या बायांची टोळी ती कित्येक हंगामांपासून चालवत आली होती. सोयाबीन सोंगायचं असो, तूर कापायची असो, रिसोडपासून मेडशीपर्यंत कुणाही शेतकऱ्याला बाया लागल्या की फोन गोमतीबाईलाच जायचा. ती बोलायची कमी. शेतावर उतरली की सगळ्यात दाट, गवताने भरलेली पात, म्हणजे सोंगायची ओळ, स्वतः धरायची, मग बाकीच्यांना काही सांगायची वेळच येत नसे. आता तिला ओट्यावरून उतरायलासुद्धा भिंतीचा आधार लागत होता.

टोळी कुणाच्या हाती द्यायची हे ठरवायला बाया तिच्या ओट्यावर जमल्या, तेव्हा सगळ्यांच्या नजरा सुकेशनीवर होत्या. सुकेशनीसारखा विळा टोळीत कुणाचाच चालत नसे. तिची पात संपून ती पाणी प्यायला उभी राहायची, तेव्हा बाकीच्या अर्ध्यात असायच्या. शिवाय बोलायला ठणठणीत. शेतकऱ्याशी भाव करायला तीच पुढे व्हायची.

गोमतीबाई म्हणाली, "मंजू पायीन आता."

मंजू तिची सून. बादलची बायको. तिचा पाय एका जागी म्हणून ठरायचा नाही. जेवायला बसली तरी हातातला घास तसाच धरून उठायची, चुलीकडे बघायची, दारातून डोकावून यायची. शेतात पात धरली की समोर कमी आणि आजूबाजूला जास्त पाहायची. कोण मागे पडली, कोण सकाळपासून पाणी प्यायली नाही, कुणाचं बोट कापलं आणि ती लपवून राहिली आहे. त्यामुळे तिचीच पात सगळ्यात मागे असायची. अशा बाईला टोळी दिली म्हटल्यावर ओट्यावरच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सुकेशनी एवढंच म्हणाली, "बरं." आणि पदर झटकून निघून गेली.

ते 'बरं' मंजूच्या कानात पुढे कितीतरी दिवस वाजत राहिलं.

पहिल्या काही शेतांवर काम निभावलं. मंजू एकच गोष्ट तीनतीनदा सांगायची, बाया कंटाळून हसायच्या, पण शेतं वेळेत पुरी होत होती. मग जगदेवचं काम आलं.

जगदेवचं शेत रिसोडच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. काळीभोर जमीन, उताराला लागलेलं लांबच लांब सोयाबीन. शेंगा वाळून खडखडत होत्या. आणखी दोन दिवस उभं राहिलं असतं तर शेंगा तडकून दाणा मातीत गेला असता, आणि परतीचा पाऊस तर कधी येईल याचा नेम नव्हता. म्हणून जगदेवने काम उक्तं दिलं होतं. अख्खं शेत सोंगायचं, कापलेल्या पिकाचा ढीग रचून सुडी लावायची, तिच्यावर ताडपत्री टाकायची आणि मगच निघायचं. मंजूने हो म्हटलं होतं. शब्द तिचाच होता.

दुपारची भाकर झाली आणि पश्चिमेला आभाळ काळवंडायला लागलं. आधी कडेला एक निळसर पट्टा होता, तो बघता बघता जाड झाला. वारा पडला. मंजू चार हात सोंगायची की कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"अव, खाली पाय ना जरा," टोळीतली सगळ्यात वडीलधारी पंचफुला म्हणाली. "आभायात का सोयाबीन पेरलं हाय?"

बाया हसल्या. मंजूही हसली, पण तिचं मन हसण्यात नव्हतं. दूर कुठेतरी गडगडलं. थोड्या वेळाने पुन्हा, पण आता जवळ. वीज चमकणं आणि आवाज येणं यांच्यातला वेळ कमी कमी होत होता. तिच्या माहेरच्या तांड्यावरची एक बाई अशीच शेतात विजेने गेली होती. तेव्हा मंजू लहान होती. त्या बाईचा चेहराही तिला आठवत नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की तिची पात अर्धी राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती पुरी केली.

"इळे ठेवा," मंजू एकदम म्हणाली. "चाला, गावातल्या शाळेत जाऊ. पक्की हाय ती."

शेताच्या कडेला जगदेव, त्याची बायको आणि मुलगा ऋषिकेश सुडी लावत होते. जगदेव धावतच आला. "आता? मंजूबाई, एवढंसं तं राह्यलं! निदान ताडपत्री टाकेपर्यंत तं थांबा. अख्ख्या वर्षाचं पीक हाय माह्यं."

"भाऊ, इज जवय आली."

"आजपर्यंत आली नाई का कधी? आमी लहानपनापासून याच शेतात उभे हाओत."

पंचफुलाने बांधावरच्या कडुनिंबाकडे बोट केलं. "तठी बसू ना घडीभर. पाऊस गेला का पुन्हा लागू."

"झाडाखाली नाई," मंजू म्हणाली. "झाडाखाली तं मुळीच नाई."

बाया चुळबुळत उभ्या राहिल्या. काहींनी विळे खाली ठेवले. सुकेशनीने मात्र मान वर केली नव्हती. तिचा विळा चालूच होता, सपसप, सपसप. "गोमतीबाई असती तं पात पुरी करून निंघाली असती," ती खाली बघतच म्हणाली. "शब्द देल्ला तं देल्ला."

पुन्हा कडाडलं. त्या आवाजासरशी मंजू सुकेशनीजवळ गेली, तिच्या हातातला विळा हिसकला आणि जोरात धुऱ्याकडे, बांधावरच्या गवतात भिरकावला. "चाल म्हनते ना मी! बहिरी हायस का तू?"

सुकेशनी उभी राहिली. रिकाम्या झालेल्या आपल्या हाताकडे तिने पाहिलं, मग मंजूकडे पाहिलं, आणि शाळेच्या दिशेने चालायला लागली. तिच्या मागे बाकीच्या.

रविवार होता, शाळा बंद होती. व्हरांड्यात बाया भिंतीला टेकून बसल्या. मंजू बसली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली. आभाळ खूप गर्जलं, चार टपोरे शिंतोडे आले, मग एक सर आली आणि लगेच गेली. वीज कुठेही पडली नाही. निदान त्या शिवारात तरी नाही. ढग मेडशीच्या अंगाला सरकले आणि थोड्याच वेळात शाळेच्या मैदानावर लख्ख ऊन पडलं.

त्या उन्हाकडे पाहताना मंजूच्या मनात एक गोष्ट आली. वीज कुठेतरी पडायला पाहिजे होती, असं तिला वाटलं होतं. एखाद्या झाडावर, एखाद्या खांबावर. म्हणजे या बायांना दिसलं असतं. तिने पटकन मान झटकली, पण वाटलं ते वाटलंच होतं.

बाया शेतावर परत गेल्या तेव्हा जगदेव, त्याची बायको आणि ऋषिकेश तिघेही चिखलाने माखून सुडीजवळ उभे होते. सुडी झाकलेली होती. तिघे शेतातच थांबले होते आणि त्यांना काही झालं नव्हतं. न सोंगलेलं सोयाबीन भिजून मान टाकून उभं होतं.

"आता ओलं सोंगता येत नाई," जगदेव म्हणाला. तो ओरडला नाही, त्यामुळे मंजूला जास्त लागलं. "जेवढं केलं तेवढ्याचं घेऊन जा. उद्या मी दुसरी टोळी पायतो. तुमाले शब्दाची किंमत नाई."

परत नेणारा पिकअप रूपलाचा होता. रूपला बाजूच्या तांड्याचा. गाडी त्याची स्वतःची, आणि अधूनमधून तो बाया नेऊन टोळीही चालवायचा. रस्त्यात त्याने सगळं ऐकून घेतलं. गाडी चालवता चालवता तो मागच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मुकादमकी म्हंजे छातीचं काम असते. ढग पाहून पयणाऱ्याचं नाई."

कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. सुकेशनी पुढच्या सीटवर बसली होती. धुऱ्यातून शोधून आणलेला विळा तिने मांडीवर धरला होता.

घरी आल्यावर मंजूने पाणी भरलं, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. शेवटी ओट्यावर गोमतीबाईच्या पायाशी येऊन बसली. सासूला ती याडीच, म्हणजे आईच, म्हणायची.

"याडी, तुले समजलं असन सगळं."

"तांड्यात समजाले किती येय लागते?"

"माह्यं चुकलं का?"

गोमतीबाई गुडघ्याला तेल चोळत होती. "इळा काहून फेकला?"

"मी शेत सोडल्याचं इचारून राह्यली."

"अन मी इळ्याचं इचारून राह्यली. सुकेशनी अठरा वर्साची होती तवापासून तो इळा तिच्या हातात हाय. चार मानसांत तू तो हिसकला."

मंजू पुन्हा म्हणाली, "पन शेत? ते सांग ना. सोडलं ते बरोबर का चूक?"

"मले नाई मालूम. मी तठी नव्हती." गोमतीबाईने तेलाची वाटी बाजूला सारली. "मी हाव म्हनली तं तुये पाय आज घडीभर थांबतीन. उद्या? उद्या पुन्हा आभाय आलं का तू मले फोन लावशीन?"

मंजूला याचा राग आला. हिने टोळी आपल्या गळ्यात घातली आणि आता साधा हो किंवा नाही एवढाही आधार देत नाही. ती तरातरा उठून आत गेली. पण भाकरी थापताना हात चालत होता आणि डोक्यात एकच चाललं होतं. सुकेशनीच्या दारापर्यंत जावं, चुकलं म्हणावं. दोनदा ती उंबऱ्याबाहेर आली. दोनदा परत फिरली. विळ्याबद्दल चुकलं म्हटलं तर बायांना वाटेल शेताबद्दलही चुकलंच. आणि तसं तिला वाटत नव्हतं. की वाटत होतं?

सकाळी ती चौकात पोचली तर रूपलाचा पिकअप आधीच भरलेला होता. निम्मी टोळी त्यात होती. पुढे सुकेशनी. मागे, पंचफुलाची नवी सून वैभवी, फाळक्याला धरून उभी. मंजूला पाहताच तिने तोंड फिरवलं. रूपलाने मेडशीच्या अलीकडे एक मोठं शेत धरलं होतं.

मंजू गाडीजवळ गेली. तोंड उघडलं. "सुकेशनी, काल..."

"निंघू द्या रूपलाभाऊ," सुकेशनी म्हणाली. गाडी निघाली.

उरलेल्या बाया मंजूकडे पाहत होत्या. पंचफुला त्यांच्यात होती, सून तिकडे गेली तरी. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघा गेला म्हणून काय गोमतीबाईला सोडायचं. मंजूचं नाव तिने घेतलं नाही.

एसटी पकडून त्या मेडशीला उतरल्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं लहानसं शेत मिळालं होतं. विळा हातात घेण्याआधी मंजू त्या म्हाताऱ्यापुढे उभी राहिली. "बाबा, आधीच सांगते. इज व्हायले लागली का आमी उठू. काम राह्यलं तं उद्या येऊन पुरं करू, त्याचे जास्तीचे काही घेनार नाई. जमत असन तं सांगा, नसन तं आत्ताच जातो."

म्हातारा कुरकुरला, आभाळाकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. दुसरी टोळी कुठून मिळणार होती? "लागा," म्हणाला.

मग ती बायांकडे वळली. तिचे हात पदराचं टोक पिळत होते. "कालच्यासारखं मी कोनावर वरडनार नाई. पन एक ठरवू. जिले पयले भेव वाटन, तिनं म्हनायचं. ती म्हनली का सगळ्या निंघू. तिले कोनी हसायचं नाई, अन काहून म्हनून इचारायचंबी नाई."

"अन सगळ्यात पयले तुलेच वाटलं तं?" पंचफुलाने विचारलं.

"तं मीच म्हनीन."

"मंग आत्ताच म्हन, वापस जाऊ!"

आता मात्र बाया खदखदून हसल्या, आणि मंजूने पिळलेलं पदराचं टोक सोडलं.

दुपार कलताना आभाळ आलं. कालच्यापेक्षा काळं, कालच्यापेक्षा खाली. मंजूने दात आवळून धरले. काल आपणच घाई केली असं म्हणत ती विळा चालवत राहिली. भीती वाटत होती, पण ते म्हणवेना. आज पुन्हा चूक ठरली तर? आज पुन्हा ऊन पडलं तर? शेवटी पाठीमागून आवाज आला. "पोट्टीहो, मले भेव वाटून राह्यलं." पंचफुला विळा खाली ठेवून सरळ उभी होती.

सगळ्या उठल्या. म्हाताऱ्याची शेतातच स्लॅबची एक खोली होती, खतांच्या गोण्या ठेवायची. त्यात दाटीवाटीने बसल्या. पाऊस कोसळायला लागला. आज तो थांबायचं नाव घेत नव्हता.

आणि पंचफुलाचा फोन वाजला. वैभवी होती. रडत होती. रूपला सकाळी त्यांना शेतावर सोडून दुसऱ्या खेपेला गेला होता. पाऊस सुरू झाल्यावर शेतकरी मोटारसायकलवर बसून घरी गेला. रूपलाचा फोन लागत नव्हता, लागला तेव्हा तो म्हणाला, गाडी काळ्या रानात फसेल, येता येत नाही. नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, फरशीवरून, पाणी वाहत होतं. सुकेशनी घसरून पडली होती आणि तिचा पाय सुजला होता.

"कुठं हा तुमी आत्ता?" पंचफुलाने विचारलं.

"बाभळीखाली."

मंजूने फोन ओढून घेतला. आवाज तिने मोठा होऊ दिला नाही. "वैभवी, मी मंजू. झाडाखालून निंघा. ओल्या व्हा, होऊ द्या. मोकया जागी दूर दूर बसा, पाय जवय घेऊन, उकिडव्या. इळे लांब ठेवा. सुकेशनीले दोघीजनी धरून आना. समजलं? मी येते."

फोन ठेवला आणि ती दाराकडे निघालीच. एक बाई म्हणाली, "तू काहून जातेस? रूपलाचं बोट धरून गेल्या ना त्या? रूपला पायीन."

"रूपला तठी नाई," मंजू म्हणाली.

तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडणार, तेवढ्यात खोली पांढरीफटक झाली आणि कानठळ्या बसल्या. पंचफुलाने तिचा हात धरला. "आत ये. तूच ठरवलं ना सकाळी? मले भेव वाटून राह्यलं म्हनते मी. आता काहून म्हनून इचारायचं नाई."

"तुयी सून हाय तठी!"

"मले मालूम नाई का?" पंचफुलाचे ओठ पांढरे पडले होते. "बस."

मंजूला आयुष्यात कधी कुठलं बसणं एवढं जड गेलं नव्हतं. गोणीवर टेकली, उठली, पुन्हा टेकली. बोटांची नखं कुरतडली. बादल मेडशीतच एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याला फोन करून तिने ट्रॉली घेऊन यायला सांगितलं, आणि लगेच पुन्हा फोन करून सांगितलं की गर्जना थांबल्याशिवाय निघू नको. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. तेच असह्य होतं. तिला तिकडच्या एकेकीचा चेहरा दिसत होता, उकिडवी बसलेली, पाणी निथळणारी. ती आवाज ऐकत राहिली. वीज आणि गडगडाट यांच्यातलं अंतर वाढत गेलं, लांबत गेलं, आणि शेवटी नुसता पाऊस उरला. तोही पातळ झाला. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा ती धावतच सुटली. पंचफुला मागोमाग ट्रॉलीत चढली.

नाल्यापाशी पोचल्या तर फरशी दिसत नव्हती. गढूळ पाणी वेगात चाललं होतं. पलीकडच्या काठावर सगळ्या होत्या. भिजलेल्या, थंडीने काकडलेल्या, पण सगळ्या. सुकेशनी दोघींच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उभी होती. ट्रॅक्टर पाहून पलीकडे एकच गलका झाला.

बादल म्हणाला, "पानी चढत नाई, उतरून राह्यलं. पन आत्ता नाई घालनार मी चाक."

"आमीच येतो इकडून!" पलीकडून सुकेशनी ओरडली. "हात धरून साखयी करतो. गुडघाभर तं हाय."

"नोको!" मंजू ओरडली.

"तू कोन व सांगणारी?" सुकेशनीने पाऊल पुढे टाकलं. तिच्यासोबत दोघी पुढे सरकल्या. पाणी त्यांच्या घोट्यांना लागलं.

मंजूच्या घशाशी तीच कालची किंकाळी आली. तिने ती गिळली. काय करावं तिला कळेना. ओरडून सुकेशनी थांबणार नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं. मग ती काठावरच्या चिखलात बसली. नुसती बसली, फतकल मारून, लुगड्याची पर्वा न करता.

"सुकेशनी," ती म्हणाली, पाण्याच्या आवाजावरून ऐकू जाईल एवढंच. "मी बसली. पानी उतरेपर्यंत मी हालत नाई. तूबी बस. पाय दुखत असन तुया."

पलीकडे सुकेशनी तशीच उभी राहिली. मंजूला असं एका जागी ठरून बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. पाण्यात उभ्या असलेल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग सुकेशनीने पाऊल मागे घेतलं आणि कण्हत दगडावर टेकली. तिच्यामागे सगळ्या बसल्या.

दोन काठांवर तशाच बसून राहिल्या. पंचफुला मधूनच सुनेला ओरडून विचारायची, भाकर खाल्ली का, आणि वैभवी मान हलवायची. पाण्यातून आधी फरशीची कड वर आली, मग दगड. बादलने काठी टाकून पाहिलं आणि हळूहळू ट्रॅक्टर पलीकडे नेला.

परतताना ट्रॉलीत सुकेशनी मंजूच्या शेजारी होती. तिचा सुजलेला पाय मंजूने आपल्या मांडीवर घेतला होता, गचके बसू नयेत म्हणून.

मग सुकेशनी म्हणाली, "इळा फेकल्याचं मी इसरली नाई."

"मीबी नाई," मंजू म्हणाली. सगळ्या ऐकत होत्या, आणि ऐकाव्यात असंच तिला वाटत होतं. "ते चुकलं माह्यं. चार जनींत चुकलं, चार जनींत सांगते."

"अन शेत सोडल्याचं?"

मंजूने मान वर केली. कालपासून हा प्रश्न तिने स्वतःला किती वेळा विचारला होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर हललं होतं. आता ते आपोआप बाहेर आलं. "ते नाई चुकलं. उद्या पुन्हा तसं आभाय आलं तं पुन्हा सोडीन."

"इज तं पडली नाई."

"नाई पडली. बरं झालं."

सुकेशनीने पाय थोडा सरकवून नीट टेकवला.

मेडशीच्या दवाखान्यात पाय बांधून दिला. हाड मोडलं नव्हतं. घरी आल्यावर मंजूने सगळं सांगितलं, तेव्हा गोमतीबाई ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली की उद्या सुकेशनीच्या घरी भाकर तू नेऊन दे, मला चालवत नाही.

जगदेवने त्या हंगामात पुन्हा बोलावलं नाही. उलट रिसोडच्या बाजारात त्याने दोघातिघांना सांगितलं की ती टोळी अर्ध्यावर शेत सोडते. एक शेतकरी त्यावरूनच तुटला. मेडशीच्या म्हाताऱ्याने मात्र तुरीचं कामही यांनाच दिलं, तीच अट मान्य करून, तशीच कुरकुर करून. रूपलाकडे गेलेल्यांपैकी वैभवी आणि आणखी काहीजणी परत आल्या. दोघी नाही आल्या. त्यांना रूपला जास्त देत होता आणि त्याची गाडी दारापर्यंत यायची. मंजूला ते खुपायचं. त्यांच्या दारावरून जाताना ती उगीच पदर सारखा करायची, आणि त्या दिसल्या की तब्येत विचारायची.

पंधरवड्याने एका सकाळी चौकात बाया जमल्या असताना सुकेशनी लंगडत आली. कुणी काही विचारायच्या आत ती मंजूला म्हणाली, "आज कोनतं शेत?"

"नाल्याकडचं."

"कायले? त्याची जमीन ओली हाय अजून. आधी टेकडीवरचं धर, ते वायलं असन. अन त्याले आत्ता फोन कर, तठी पोचल्यावर नाई."

"नाल्याकडच्याले मी शब्द देल्ला."

"मंग तेबी फोनवर सांग, का दुपारून येतो. लवकर इचारायचं असते हे सगळं."

"तू दोन हप्ते घरी बसून होती, तुले काय मालूम जमीन ओली का सुकी?"

"घरी बसून होती म्हनून का आंधळी झाली?"

पंचफुलाने कपाळावर हात मारला आणि भाड्याने सांगितलेल्या गाडीत जाऊन बसली. एकेक करून बाकीच्याही चढल्या. त्या दोघी खालीच उभ्या होत्या, मंजूच्या हातात फोन आणि सुकेशनीचं बोट टेकडीकडे. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी मंजूने टेकडीवाल्याचा नंबर लावला, आणि तो उचलेपर्यंत दोघी पुन्हा दुसऱ्याच एका शेतावरून भांडत होत्या.